बसऱ्याला गेलेले पणजोबा आणि चिंचेनं घासलेलं नाव

माझी आजी, म्हणजे बाबांची आई, १९६८ साली गेली. मी जन्मले १९७२ मध्ये. तिचा एकच फोटो घरात आहे, तोही कुणाच्या तरी लग्नातला. तिसऱ्या रांगेत, अर्धा चेहरा पुढच्या बाईच्या पदराआड. आणि आजीनं तिच्या वडिलांना पाहिलं नव्हतं. ती आईच्या पोटात असताना ते पलटणीबरोबर बसऱ्याला, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले, ते तिकडेच राहिले. पलटण कोणती, गेले कसे, माती कुठे मिळाली, यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबर २०२२ ते जानेवारी २०२५ या काळात मी ते शोधलं. मी इतिहासाची अभ्यासक नाही. बँकेत नोकरी करते, सुट्टीच्या दिवशी जमेल तसं करत गेले. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडे पहिल्या महायुद्धाला माणूस गेलेली घरं पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच घरांत आमच्यासारखीच अर्धवट गोष्ट असणार. त्यांना सुरुवात कुठून करायची ते कळावं म्हणून जे जसं झालं तसं लिहिते. पणजोबांचं, आजीचं आणि गावाचं नाव मात्र या लेखात नाही. ती बाबांची अट आहे. का, ते पुढे येईल.

आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा, भवानी आणि भैरोबाच्या टाकांच्या मागे एक पितळेसारखी दिसणारी चकती उभी असते. तळहाताएवढी, साधारण बारा सेंटिमीटर व्यासाची. घरात तिला ‘छाप’ म्हणतात. आजी ती माहेराहून घेऊन आली, एकुलती एक लेक म्हणून. तिच्या लेखी तो वीराचा टाक होता. दर दसऱ्याला ती छाप चिंचेनं घासायची, हळदकुंकू लावायची. सर्वपित्रीला तिच्यासमोर पान वाढायची, कारण वडील गेल्याची तिथी कुणालाच माहीत नव्हती. आजीनंतर माझ्या आईनं तेच केलं.

२०२२ चा दसरा ५ ऑक्टोबरला होता. बाबा तेव्हा ब्याऐंशीचे. आई गेल्यापासून देवांचं मीच बघते. त्या सकाळी छाप घासायला घेतली तर बाबा खुर्चीतून म्हणाले, “हलक्या हातानं. नाव होतं त्यावर. मी लहान होतो तेव्हा बोटाला लागायचं.”

मी चष्मा लावून पाहिलं. एक सिंह, त्रिशूळ घेतलेली बाई, कडेनं इंग्रजी अक्षरं. आणि सिंहाच्या डोक्यावरच्या आडव्या चौकटीत, जिथं नाव असायला हवं तिथं, नुसते गुळगुळीत उंचवटे. आधी आजीच्या हातानं आणि पुढे पन्नास वर्षं आईच्या नि माझ्या हातानं ते नाव झिजलं होतं.

त्या रात्री शोधल्यावर कळलं की हे ब्राँझ आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूनं मेलेल्यांच्या घरी अशी चकती पाठवली गेली. तेरा लाखांहून अधिक चकत्या ओतल्या. प्रत्येकीवर फक्त माणसाचं नाव. हुद्दा नाही, पलटण नाही, गाव नाही. मरणात सगळे सारखे, असा त्यामागचा विचार. कडेच्या ओळीचा अर्थ मी आत्याला फोनवर सांगितला: ‘तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला.’ आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कुणाच्या गं स्वातंत्र्यासाठी?” याचं उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हतं आणि आजही नाही.

घरात अशी चकती असेल तर पहिली गोष्ट, चिंच, लिंबू, राख, पीतांबरी, सगळं बंद करा. कोरड्या सुती कापडानं पुसा, एवढं पुरे. नाव वाचायला खोलीत अंधार करून टॉर्च बाजूनं, अगदी आडवा धरा. उजेड समोरून पडला तर काही दिसत नाही. मग पातळ कागद वर ठेवून मऊ शिसपेन्सिल हलक्या हातानं फिरवा. मी असे बारा-तेरा कागद केले. त्यातून पहिल्या नावाची शेवटची तीन अक्षरं आणि आडनावाचं पहिलं अक्षर मिळालं. बाबांना आजोबांचं नाव तोंडी माहीत होतंच, पण इंग्रजीत ते कसं लिहिलं गेलं हे महत्त्वाचं असतं आणि त्यातलं निम्मं तरी आता हातात होतं.

पहिली चूक मी नोव्हेंबरात केली. खडकीला युद्धस्मशानभूमी आहे, तिथं १९१४-१९१८ च्या युद्धाचं स्मारकही आहे, म्हणून एक रविवार काढून गेले आणि अठराशेहून जास्त नावं असलेली ती दगडी यादी बोट फिरवत वाचली. दुपार गेली. घरी येऊन माहिती वाचली तेव्हा समजलं की ते स्मारक भारतात वारलेल्यांचं आहे. परदेशात गेलेला माणूस तिथं असणारच नाही. आधी वाचून जायला हवं होतं. तरी ती दुपार वाया गेली असं मला वाटत नाही. नावं वाचण्याची सवय झाली, आणि दगडात नाव असणं म्हणजे काय, हे पुढे ज्या गोष्टीनं मला हलवलं तिच्या आधी मी पाहून ठेवलं.

खरी सुरुवात कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावरून करावी. ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूनं दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांची यादी तिथं आहे, शोध मोफत आहे, खातंही उघडावं लागत नाही. अडचण स्पेलिंगची. मराठी नावं ज्यानं लिहून घेतली त्यानं कानाला ऐकू आली तशी लिहिली. शिंद्यांचा ‘सिंदे’ होतो, जाधवांचा ‘जादो’ होतो, पवारांचा ‘पोवार’, ‘पुवार’, काहीही. ‘राव’, ‘जी’, ‘बा’ कधी नावाला जोडून, कधी तुटक, कधी गायब. मी एका वहीत दोन रकाने आखले: एकात करून पाहिलेलं स्पेलिंग, दुसऱ्यात किती नावं आली. ही वही नसती तर तेच तेच शोधत बसले असते. डिसेंबर ते मार्च, रोज रात्री अर्धा तास. शेवटी हाताशी राहिली एकोणीस माणसं, पाच वेगवेगळ्या पलटणींतली. यातले आमचे कोण, ते कळायला मार्ग नव्हता.

मध्ये एकानं उत्साहानं बातमी पाठवली की पहिल्या महायुद्धातल्या तीन लाखांहून अधिक सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या आणि २०२१ मध्ये इंटरनेटवर आल्या. आनंदानं उघडलं, तर त्या पंजाबच्या. गावागावांतून कोण गेलं, परतलं की नाही, सगळं नीट लिहिलेलं. त्या लोकांचा मला हेवा वाटला. आपल्याकडे तशी एकत्र वही माझ्या तरी हाती लागली नाही.

मे २०२३ मध्ये आजीच्या माहेरची यात्रा होती. आत्या म्हणाली, मी येते, चल. एसटीनं गेलो. पंचाहत्तरच्या पुढची म्हणून आत्याला प्रवास फुकट आणि महिलांना त्याच मार्चपासून अर्धं तिकीट झालेलं, त्यामुळे या सगळ्या शोधातला सर्वांत मोलाचा प्रवास सर्वांत स्वस्तात झाला. आजीच्या चुलत्यांची पुढची पिढी त्या घरात राहते. आम्ही काही तरी मागायला आलोय असं त्यांना आधी वाटलं. जमिनीचं नाही हे स्पष्ट सांगितल्यावर चहा आला. हे आधीच सांगून टाकावं. जुनी कागदपत्रं म्हटलं की गावात सगळ्यांना सातबाराच आठवतो.

पदकं होती का, असं विचारलं. चांदीचं एक होतं, ते कुठल्याशा दुष्काळात मोडलं. “आणि ती चांदणी?” असं त्या घरातली म्हातारी काकी एकदम म्हणाली. मग माळ्यावरून एक पत्र्याचा डबा उतरला. त्यात बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांबरोबर, एका सुतळीत ओवलेला, काळा पडलेला तारा होता. मधोमध दोन तलवारी, आणि १९१४-१५.

मी उलटा केला. मागे ठोकलेली अक्षरं होती. क्रमांक, ‘सिपॉय’, पणजोबांचं पूर्ण नाव, ११७ मराठाज.

हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे म्हणून वेगळं सांगते. छापेवर फक्त नाव असतं, पण १९१४-१५ च्या ताऱ्याच्या पाठीवर आणि गोल पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक आणि पलटणही असते. घरात पदक उरलं नसेल तरी भावकीत विचारा, मामाकडे, काकाकडे, लेकींच्या सासरी. मुलं खेळायला घेतात, बैलांच्या साजात जातं, पण ब्राँझला मोड येत नाही म्हणून ते टिकतं. तारा आम्ही तिथेच ठेवला. फोटो घेतले, डब्यातून काढून कपाटात ठेवायला सांगितलं. काकी तो धुणार नाहीत, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

रात्री अंगणात गावातले एक निवृत्त सुभेदार आले होते. ११७ हा आकडा ऐकल्याबरोबर त्यांनी सांगितलं, “रॉयल झाली ती पुढं. पाचवी.” ते बरोबर निघालं. ११७ वी मराठाज ही पलटण १९२२ च्या फेररचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी रॉयल बटालियन झाली. पलटणींचे जुने आकडे आणि नवे आकडे जुळवताना माझ्यासारख्याचा गोंधळ उडतो. १०३ ची पहिली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, हे लिहून ठेवा.

क्रमांक आणि पलटण टाकल्यावर कमिशनच्या यादीत एकच नाव आलं. एकोणिसांतलं सतरावं. मी ते फेब्रुवारीतच पाहून सोडून दिलं होतं, कारण गावाचं नाव ओळखू न येण्याइतकं बदललेलं होतं आणि वडिलांचं नावही. ‘अमक्याचा मुलगा, अमुक गाव, सातारा, बॉम्बे.’ मृत्यू सप्टेंबर १९१६. स्मारक बसरा.

बाबांना मी तारीख वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, “म्हणजे कूतला अडकलेल्यांतले का?” बाबांना हे ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. आजीनं कधी तरी ‘कूत’ हा शब्द उच्चारला होता, आणि ते गावाचं नाव आहे हे त्यांना साठ वर्षांनी उमगलं होतं.

पुढचे दोन-तीन महिने मी फक्त वाचलं. ११७ वी मराठाज ही पुणे डिव्हिजनमधल्या सोळाव्या ब्रिगेडमध्ये होती. ऑक्टोबर १९१४ मध्ये ही ब्रिगेड मुंबईहून जहाजानं निघाली आणि ६ नोव्हेंबरला शत-अल-अरब नदीच्या मुखाशी फाओला उतरली. बसरा महिनाअखेरीच्या आत तुर्कांकडून हातात आलं. पुढच्या वर्षी शैबा, टायग्रिसच्या काठाकाठानं वर वर, आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या उंबऱ्यावर टेसिफॉनला मोठा मार खाऊन माघार. मग टायग्रिसकाठचं कूत. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळजवळ पाच महिने वेढा. तिथले ब्रिटिश सेनापती जनरल टाउनशेंड यांनी शेवटी शरणागती पत्करली तेव्हा नोकरचाकर धरून सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली.

वेढ्यात घोडे कापून खायची वेळ आली, तेव्हा बरेच भारतीय शिपाई एप्रिलपर्यंत ते मांस शिवले नाहीत. सवलत द्यावी म्हणून भारतातून धर्मगुरूंच्या तारा मागवल्या गेल्या. खंडोबाच्या घोड्याला नमस्कार करून घर सोडलेली माणसं ती. जवाच्या पिठाचा शिधा रोज कमी होत होता, दात हलत होते, हिरड्यांतून रक्त. हे वाचलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही. शरणागतीनंतर शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि पुष्कळ भारतीय कैद्यांना रास अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. आमचे पणजोबा वाटेत गेले की रुळांवर, हे नोंदीत नाही. सप्टेंबर १९१६ एवढंच. कैद्यांच्या बाबतीत ती तारीखही अंदाजानं घातलेली असू शकते.

लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या युद्धदैनंदिन्या, म्हणजे पलटणींच्या रोजच्या नोंदवह्या, याही मी खातं उघडून उतरवून घेतल्या. मी घेतल्या तेव्हा पैसे पडले नाहीत. त्यात घरच्या माणसाचं नाव सापडेल या आशेनं जाऊ नका. गोऱ्या अधिकाऱ्याला खरचटलं तरी नावानिशी नोंद असते. आपल्या शिपायांसाठी ‘आय. ओ. आर.’, म्हणजे इतर भारतीय हुद्दे, आणि पुढे आकडा. सात ठार. एकवीस जखमी. पण त्या दिवशी ऊन किती होतं, नदीला पाणी किती चढलं, डासांनी कसं हैराण केलं, हे त्यात असतं, आणि मला त्याचाच उपयोग झाला.

बसऱ्याचं स्मारक २७ मार्च १९२९ रोजी खुलं झालं. चाळीस हजारांहून अधिक माणसांचं ते स्मारक. ब्रिटिशांची नावं कोरलेली, भारतीय अधिकाऱ्यांची कोरलेली. साध्या भारतीय शिपायांची नाहीत. पलटणीचं नाव आणि खाली फक्त किती मेले तो आकडा. नावं छापील वहीत होती, भिंतीवर नव्हती. कमिशननं स्वतः २०२१ मध्ये अहवाल काढून ही विषमता मान्य केली. ते स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. म्हणजे आज जाऊन पाहायचं म्हटलं तरी त्या भिंतीवर आमच्या पणजोबांचं नाव शोधायचं कुठं?

म्हणून मी ठरवलं, निदान कमिशनच्या यादीत तरी ते नीट असावं. गाव आणि वडिलांचं नाव दुरुस्त करून घ्यायचं. त्यासाठी पुरावा लागतो, आणि तो त्या काळचा हवा. आजीच्या जन्माची नोंद हाच एक रस्ता दिसत होता.

गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४ आणि कोतवाल बुक, तालुक्याच्या अभिलेख कक्षात असतात. मी अर्ज दिला २० ऑक्टोबर २०२३ ला, आणि वेळ याहून कठीण निवडता आली नसती. त्याच सुमारास कुणबी नोंदी शोधायचं काम सगळीकडे जोरात सुरू झालं होतं. कक्षाबाहेर पहाटेपासून माणसं, आत टेबलांवर दप्तरं उघडलेली. मोडी वाचणाऱ्याला तर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. माझा अर्ज दोनदा हरवला. दुसऱ्या खेपेपासून मी पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय हलले नाही. तुम्हीही हलू नका. एकूण सहा खेपा झाल्या, त्यातल्या चार रजा टाकून. पण त्या गर्दीचा एक फायदाही झाला: वर्षानुवर्षं न उघडलेली दप्तरं झटकून, गाववार लावली गेली होती. माझ्या शेजारी बाकावर बसलेले एक आजोबा नातवाच्या दाखल्यासाठी आले होते. मी काय शोधतेय ते ऐकून म्हणाले, “तुमचं काम आमच्यापेक्षा अवघड. आम्हाला जात पायजे, तुम्हाला माणूस.”

१५ फेब्रुवारी २०२४ ला पान सापडलं. जून १९१५, मोडीत. कक्षातल्या वाचकांना सवड नव्हती, म्हणून बाहेरच्या एका जाणकार बाईंकडून दोन पानांचं लिप्यंतर करून घेतलं, पाचशे रुपये. अर्जाचं कोर्ट फी तिकीट आणि नकलांचे पैसे मिळून शंभराच्या आत. बाईंनी बोट ठेवून वाचलं: तारीख, बापाचं नाव ‘अमुक बिन तमुक’, राहणार तिथलेच. हा ‘बिन’, म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’, आमच्यासाठी सोनं होतं. पणजोबांच्या वडिलांचं खरं नाव त्यामुळे कागदावर मिळालं, आणि ते कमिशनच्या विचित्र स्पेलिंगशी जुळत होतं. मग मी विचारलं, बाळाचं नाव? त्यांनी रकाना दाखवला. तिथं एकच शब्द होता. ‘मुलगी.’

तेव्हा तशीच पद्धत होती, जन्मल्याबरोबर नोंद व्हायची, बारसं व्हायचं होतं. मला हे कळत होतं. तरी मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि बराच वेळ उठले नाही. बापाचा तिकडे आकडा, लेकीची इकडे ‘मुलगी’.

संध्याकाळी आत्याला फोन केला. ती म्हणाली, “अगं, नाव मागाहून आलं ना तिचं. पत्रातून.” हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. मुलगी झाल्याचं कळवल्यावर बसऱ्याकडून पत्र आलं, ते शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं, आणि त्यात लिहिलेलं नाव मुलीला ठेवलं, असं आजी सांगायची. आजीच्या नावाचा अर्थ मोती. बसऱ्याचे मोती आपल्याकडच्या बायकांना नथीतून पिढ्यान् पिढ्या माहीत आहेत. पत्र उरलेलं नाही, पुरावा काही नाही. पण जूनमध्ये ती जन्मली आणि कूतचा वेढा डिसेंबरात पडला. मधल्या सहा महिन्यांत टपाल जात-येत होतं. मी हे खरं मानते.

मार्च २०२४ मध्ये कमिशनकडे दुरुस्तीची विनंती पाठवली. संकेतस्थळावरूनच पाठवता येते, शुल्क नाही. सोबत ताऱ्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो, छापेचा पेन्सिल-ठसा, जन्मनोंदीची सही-शिक्क्याची नक्कल, तिचं देवनागरी लिप्यंतर, त्याखाली इंग्रजी भाषांतर, आणि गाव नकाशात कुठे आहे ते दाखवणारं एक पान. भावनेनं लिहिलेलं लांबलचक पत्र मी काढून टाकलं आणि चार ओळी ठेवल्या: नोंदीत काय आहे, काय हवं, पुरावा कोणता, माझं नातं काय. लगेच पोच आणि संदर्भ क्रमांक आला. जुलैमध्ये एक प्रश्न आला: हे गाव तेव्हा याच जिल्ह्यात होतं का? जुन्या गॅझेटियरचं पान जोडलं. मग शांतता. मी दर आठवड्याला नोंद उघडून बघायची आणि बंद करायची. जानेवारी २०२५ मधल्या एका मंगळवारी बँकेत जेवणाच्या सुट्टीत उघडली, तर गावाचं नाव बरोबर होतं. वडिलांचंही. मी डबा तसाच ठेवून बाबांना फोन लावला आणि मला बोलता येईना. त्यांना वाटलं काही वाईट झालंय.

त्या नोंदीवरून स्मृतिपत्र उतरवून घेता येतं, तेही मोफत. आम्ही ते छापून घेतलं. तारखेवरून तिथी काढून द्यायची तयारी गुरुजींनी दाखवली. बाबा म्हणाले, “नको. आई सर्वपित्रीला पान वाढायची. तिनं धरली ती तिथी खरी.”

आता ती अट. आजीच्या माहेरी, जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. चुन्याच्या इतक्या थरांखाली होती की सुभेदारांनी दाखवली नसती तर दिसली नसती. अशा पाट्या त्या वेळी सैनिकी गावांत बसवल्या. तुमच्या गावच्या चावडीत, शाळेत, देवळाच्या आवारात एकदा नीट बघा. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून या युद्धात ४६ जण गेले ते परत आले नाहीत, तिथं गावानंच ती आठवण जपली आणि गावाच्या नावालाच मिलिटरी जोडलं गेलं. आमच्या पाटीवर इंग्रजीत आहे: या गावातून ३४ माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यांतल्या ५ जणांनी प्राण दिले. नाव तिथंही एकाचं नाही.

मला पणजोबांचं नाव लगेच लावायचं होतं. दगडाचा अंदाजही काढला, नऊ हजार. बाबांनी अडवलं. “आमच्याच माणसाचं लावलं तर बाकीचे चौघे पुन्हा आकडाच राहतील. पाचही सापडू देत, एकदम लावू. तोवर कुठेच छापायचं नाही.” सुभेदारांनाही ते पटलं, ग्रामसभेत विषय मांडायचं ठरलं.

कमिशनच्या शोधात ‘अधिक माहिती’ असा एक रकाना असतो. त्यात माणसाचं नाव न टाकता गावाचं नाव टाकता येतं, जमतील तितक्या स्पेलिंगांनी. त्यातून आम्हाला दुसरा सापडला आहे, ११० व्या मराठा पलटणीतला. त्याची भावकी गावातच आहे आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. तिसऱ्याच्या घरचा पत्ता आत्यानं काढलाय, शेजारच्या तालुक्यात. तिथल्या सूनबाईंशी फोनवर बोलले. पदक वगैरे काही नाही म्हणाल्या. मग मी विचारलं, तळहाताएवढी जाड गोल चकती कुठे आहे का, चित्र असलेली. त्या थांबल्या. पाण्याच्या तांब्यावर एक झाकण आहे म्हणाल्या, सासूबाईंच्या वेळेपासूनचं, फार जड. त्याच्यावर काही तरी जनावर आहे, पण वाघ आहे की कुत्रं, ते आता नीट दिसत नाही.

मी त्यांना एवढंच सांगितलं की आम्ही रविवारी येतोय, तोवर घासू नका.